पैसे कुठून आले ते आधी सांगा

(परभणीत साड्यांच्या फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या आणि मशीनवर बसून कोरियन मालिका बघणाऱ्या आमच्या ताईंचं सदर. या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांना उत्तरं.)

ताई, आमच्या घरी रात्री आठची मालिका माझी मुलगी पहिलीत होती तेव्हापासून चालू आहे. आता ती पाचवीत आहे. कोरियन मालिका मात्र चार दिवसांत बघून होते. त्यांच्याकडं गोष्टी कमी आहेत का?
— गृहिणी, सेलू

गोष्टी कमी नाहीत, पण गोष्ट कुठं संपणार ते आधी ठरलेलं असतं. आपल्यापर्यंत येतात त्या बहुतेक मालिका सोळा भागांच्या. भाग तासाचा, कधी सव्वा तासाचा. त्या रोज लागत नाहीत. सोम-मंगळ, बुध-गुरू, शनि-रवि अशा जोड्या असतात, आठवड्याला दोन भाग. दोन महिन्यांत विषय मिटला. लिहिणारी बहुतेक वेळा पहिल्या भागापासून शेवटापर्यंत एकच बाई असते. बाईच म्हणते मी, कारण तिकडं गाजलेल्या लेखकांत बायका जास्त. पार्क जी-उन, किम उन-सूक, नो ही-क्यंग ही नावं नटांच्या बरोबरीनं घेतली जातात. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही पार्क जी-उनचीच. आपल्याकडच्या मालिकेची लेखिका कोण, हे तुमच्या गल्लीत कुणाला विचारून बघा.

पण तिकडं सगळं सोनंच पिकतं असं समजू नका. रोज अर्ध्या तासाच्या, शंभराच्या वर भाग जाणाऱ्या मालिका कोरियातही असतात. शनि-रविच्या कौटुंबिक मालिका पन्नास भागांपर्यंत जातात. त्यात सासू, सवत, अदलाबदल झालेली लेकरं, स्मृती गेलेला नवरा, सगळं भरलेलं असतं. त्या आपल्याकडं फारशा येत नाहीत, येतो तो निवडलेला माल. भडक बघायचं असेल तर 'द पेंटहाऊस' आहे. २०२० आणि २०२१ मध्ये तिचे तीन सीझन झाले. त्यात मेलेली बाई परत येते. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

जाहिरातींचंही एक आहे. केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधोमध जाहिरात लावायला २०२१ पर्यंत बंदी होती. २०१० पासून मात्र वस्तू गोष्टीतच दाखवायची मोकळीक मिळाली. म्हणून नायिका रडायला नेमकी सँडविचच्या दुकानात जाते. 'विन्सेन्झो'मधला तो माफियाचा वकील एवढा सुटाबुटातला, आणि मधेच कॉफीची गोळी काढून चघळतो. गोळी इंडोनेशियाची. मला याचा राग येत नाही, जाहिरात आहे हे तोंडावर कळतं.

माझी मालिकेची परीक्षा वेगळी आहे. दुसऱ्या भागापर्यंत मला कळलं पाहिजे की या घरात पैसे कुठून येतात. कोण कमावतं, कोणाची उधारी आहे, भाडं कधी भरायचंय. ते कळलं नाही तर मी मालिका सोडून देते, नायक कितीही देखणा असो. स्वयंपाकघरात पैठणी नेसून उभ्या असलेल्या सुना मी दुकानात पाहिलेल्या नाहीत. पैठणीला फॉल लावायला येणारी बाई आधी भाव विचारते.

मी निवृत्त शिक्षक आहे. नात सुट्टीत आली की फोनवर कोरियन मालिका बघत बसते. मीही दोन-तीनदा शेजारी बसलो. सगळे पुरुष एकसारखे गोरेगोमटे, कोण कोणाचा कोण उमगेना. तरी तिच्याशी बोलायला विषय हवा. एकच मालिका सुचवा.
— अंबाजोगाई

सर, 'रिप्लाय १९८८' बघा. चेहरे ओळखायच्या भानगडीत पडू नका, घरं ओळखा. सोल शहरातल्या स्सांगमुन-दोंग भागातली एक बोळ आणि त्या बोळीतली पाच घरं. वर्ष सोल ऑलिंपिकचं. वीस भाग आहेत, तुमची सुट्टी पुरेल.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. दिवेलागणीची वेळ. एक आई पोराच्या हातात वाडगं देऊन शेजारी पिटाळते. शेजारीण रिकामं भांडं कसं परत धाडणार? ती त्यात काहीतरी घालते. पोरगं घरी टेकतं न टेकतं तोच तिसऱ्या घरी काहीतरी पोचवायचं असतं. शेवटी बोळीतली सगळी लेकरं हातात ताटल्या-वाडगी घेऊन एकमेकांना आडवी जातात आणि त्यातला एक करवादतो की मग सगळे एकत्रच का जेवत नाही! तुमच्या पिढीला यातलं काही समजावून सांगायला नको. नातीला मात्र तुम्ही सांगू शकाल की आमच्या वाड्यात हे कसं चालायचं. विषय पाहिजे होता ना?

आता पैशाचं. नायिका डोक-सन. तिचे वडील बँकेत नोकरीला आहेत, तरी सगळं कुटुंब अर्ध्या तळघरातल्या खोल्यांत भाड्यानं राहतं. का, तर वडील दोस्ताला जामीन राहिले, दोस्त बुडाला आणि आता पगारातून कापून जातंय. वरच्या मजल्यावरचे घरमालक त्यांच्यासारखेच गरीब होते, थोरल्या पोराला लॉटरी लागली म्हणून वर गेले. दोन घरांत फरक एवढाच आणि मालिका तो कधी विसरू देत नाही. जामीनकीनं बसलेली घरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील.

डोक-सन मधली. थोरली हुशार, धाकटा मुलगा. तळलेली अंडी दोन असतील तर ती त्या दोघांच्या ताटात जातात. वाढदिवससुद्धा थोरलीच्या वाढदिवसात उरकतात, त्याच केकवर. एक दिवस ती फुटते आणि अंड्यापासून सगळा हिशेब काढते. रात्री बाप छोटा केक घेऊन बोळीत येतो आणि कबूल करतो की बाप होण्याची त्याचीही ही पहिलीच वेळ आहे. मी हे बघताना मशीन थांबवलं होतं, नसता सुई बोटात गेली असती.

आणखी एक खरी गोष्ट त्यात गुंफली आहे. ऑलिंपिकच्या संचलनात मादागास्करची पाटी धरायला डोक-सनची निवड होते. ती जीव तोडून सराव करते. आणि १९८८ ला मादागास्कर आयत्या वेळी आलंच नाही! पोरीचं काय झालं ते बघा, मी सांगत नाही.

त्याच मालिकेत दोघांचं आडनाव एक म्हणून लग्न अडतं. हे खरंच होतं की लेखकानं घातलेला मसाला? आमच्याकडं देवक एक निघालं म्हणून ठरलेली सोयरीक मोडली, म्हणून विचारतो.
— उदगीर

मसाला नाही, तिथं तो कायदाच होता. मालिकेतली बोरा आणि सन-वू दोघंही आडनावानं संग, आणि कुळाचं मूळ गावही एक. कोरियाच्या दिवाणी कायद्यात अशा लग्नाला मनाई होती. आपल्या भावकीत कोण कोणाचं हे सात पिढ्या सांगता येतं, तिकडं नुसतं आडनाव आणि मूळ गाव जुळलं तरी बास. आता बघा, दर पाच कोरियन माणसांमागं एक जण किम, म्हणजे किती जोड्या अडकल्या असतील! मधून मधून सरकार तात्पुरती सूट द्यायचं, त्या मुदतीत लोक लग्नं नोंदवून घ्यायचे. १९९७ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं हे कलम घटनेत बसत नाही असं ठरवलं आणि २००५ मध्ये कायदाच बदलला.

आपल्याकडं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची किंवा देवकाची आडकाठी नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई आहे, ती वेगळी गोष्ट. तुमच्या घरातल्या भांडणात मी पडत नाही. पण बोराच्या आईला सन-वूच्या आईसमोर बसून हे बोलताना बघा. दोघी रोजच्या मैत्रिणी, भाजी एकत्र निवडणाऱ्या. खरं अवघडलेपण कायद्याचं नव्हतंच, ते त्या दोघींमधलं होतं.

प्रत्येक मालिकेत नायक कंपनीच्या मालकाचा मुलगा, नायिका गरीब, आणि सासू पाकिटात पैसे घालून म्हणते की माझ्या मुलाला सोड. कंटाळा आला. दुसरं काही नाही का?
— धाराशिव

आहे की. ते पाकीट, तोंडावर फेकलेलं पाणी आणि हात धरून फरफटत नेणं, हे तिन्ही एका भागात दिसलं की मी बंद करते. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' २००९ ची, तेव्हा हे खपलं. एवढ्या श्रीमंत घरातली बाई पाकिटात किती घालते ते कधी दाखवत नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तुम्ही 'माय मिस्टर' बघा, २०१८ ची. नायिका जी-आन, वय एकवीस. आईबापाचं कर्ज तिच्या बोकांडी. दिवसा ऑफिसात हंगामी कामाला, संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायला. ताटात उरलेलं अन्न पिशवीत भरून घरी नेते. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या गुपचूप खिशात घालते आणि रात्री अंधारात दोन पुड्या एका कपात ओतून पिते. तेच तिचं जेवण. कॅमेरा त्या कपावरून हलत नाही.

तिची म्हातारी आजी मुकी-बहिरी आहे, अंथरुणाला खिळलेली. एके दिवशी साहेब तिला सांगतो की आजीचा पत्ता वेगळा नोंदवला तर तिला वृद्धाश्रमात फुकट ठेवता येतं. एवढं साधं तिला तोवर कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या दुकानात श्रावणबाळ योजनेचा अर्ज कुठं द्यायचा हे विचारणाऱ्या म्हाताऱ्या येतात, म्हणून मला तो प्रसंग सगळ्या प्रेमप्रसंगांपेक्षा मोठा वाटतो. आणि हो, या दोघांचं प्रेमप्रकरण नाही. साहेबाचं काम करणारा ली सन-क्युन २०२३ च्या डिसेंबरात गेला. ही मालिका आता बघायची तर जरा मन घट्ट करूनच.

मुलगा आठवीत आहे. वर्गातली सगळी मुलं 'स्क्विड गेम'चे खेळ खेळतात. त्याला बघू द्यावी का?
— लातूर

नाही. ती अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्यात माणसं रांगेनं मारतात. वर्गातली मुलं खेळतात हे कारण चालत नाही.

तुम्ही स्वतः मात्र बघा. लोक रक्ताचंच बोलतात, मला ती कर्जाची मालिका वाटते. ४५६ माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर देणं. प्रत्येक जिवामागं दहा कोटी वॉन, असं करत ४,५६० कोटी वॉनचं बक्षीस. नायक गी-हुनची मोटारीच्या कारखान्यातली नोकरी गेलेली, आई मधुमेहानं पाय सडलेली, इलाजाला पैसे नाहीत. त्याचा मित्र सांग-वू सगळ्यात नामांकित विद्यापीठात शिकलेला. त्यानं आईचं घर आणि दुकान तिला न सांगता गहाण टाकलंय, आणि ती बाजारात मासे विकताना गिऱ्हाईकांना पोराचं कौतुक सांगते. हे दोघंही स्सांगमुन-दोंगचे! वर सरांना सांगितली तीच वस्ती. वाडग्यांची देवघेव करणाऱ्या त्या बोळीतलीच लेकरं मोठी होऊन इथं पोचली असं धरून चाललं तर दोन्ही मालिका वेगळ्याच दिसतात.

त्यातला अली, मालकानं पगार थकवलेला पाकिस्तानी कामगार, हे काम आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीनं केलंय. तो सोलच्या नाट्यशाळेत शिकला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनबद्दल मला काही म्हणायचं नाही. पहिले नऊ भाग पुरे होते.

हिंदी डब बघावं की मूळ आवाज आणि खाली अक्षरं? मैत्रिणी डब बघणाऱ्यांना हसतात.
— विद्यार्थिनी, नांदेड

हसू दे गं. माझे डोळे साडीच्या काठावर असतात, अक्षरं वाचत बसले तर फॉल वाकडा जाईल. म्हणून दिवसा डब, रात्री दुकान बंद केल्यावर मूळ आवाज. एकच सांगते. डबमध्ये सगळी माणसं दिल्लीची होतात. जेजू बेटावरची मच्छीमार बाई आणि सोलचा वकील एकाच हिंदीत बोलतात. आवडलेली मालिका एकदा तरी मूळ आवाजात ऐक, रागावलेली कोरियन आई ऐकण्यासारखी असते.

माझी शेती समृद्धी महामार्गात गेली. मोबदला मिळाला, तक्रार नाही. मुलीनं एका वकील मुलीच्या मालिकेतला रस्ता आणि झाडाचा भाग दाखवला. ते झाड खरं आहे का?
— शेतकरी, जालना जिल्हा

दादा, झाड खरं आहे. मालिका 'एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू', २०२२ ची. वू यंग-वू ही स्वमग्न वकील मुलगी, तिचं सगळं ध्यान देवमाशांत. तुम्ही पाहिलेली गोष्ट सातव्या-आठव्या भागातली. सोदोक-दोंग नावाच्या गावातून रस्ता जाणार, गाव दोन तुकडे होणार, आणि टेकडीवर एक भलंमोठं जुनं झाड. गावाचं नाव काल्पनिक. झाड मात्र दक्षिणेकडच्या चांगवन शहराच्या हद्दीत एका खेड्यात आहे, सुमारे पाचशे वर्षांचं. जुलैत भाग दाखवले गेले आणि बघायला लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं त्याला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. मालिकेत झाड वाचतं तेही याच वाटेनं.

मला त्यातली सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट म्हणजे गावातच एकमत नसतं. काहींना मोबदला हवा असतो, आणि ते वाईट माणसं म्हणून दाखवलेले नाहीत. समृद्धी ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाताना त्यानं किती बांध, विहिरी आणि आंब्याची झाडं घेतली, त्यावर आपल्याकडं एकही मालिका नाही. मोबदल्याचे पैसे घरात आल्यावर भावाभावांत काय झालं, यावर तर वर्षभराची निघेल. ती मी बघेन.

मी शेंद्र्याला एका कोरियन कंपनीत कंत्राटी कामगार आहे. आमचे साहेब मालिकेतल्यासारखे अजिबात दिसत नाहीत.
— छत्रपती संभाजीनगर

हे तर तुम्ही आम्हा सगळ्यांचं स्वप्नच मोडलंत! तुम्ही 'मिसेंग' बघा, २०१४ ची, वीस भाग. जांग गु-रे लहानपणापासून सोंगट्यांच्या त्यांच्या खेळात, बाडुकमध्ये, व्यावसायिक व्हायला धडपडला, जमलं नाही. आता ओळखीनं एका व्यापारी कंपनीत लागलाय, दोन वर्षांच्या कंत्राटावर. सणाला कायम लोकांना एक भेट आणि कंत्राटी लोकांना दुसरी, स्वस्तातली, हा प्रसंग बघताना तुम्हाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. शेवटी तो कायम होतो का? होत नाही. मालिका एवढी गाजली की सरकारनं कंत्राटाची मुदत दोनाची चार वर्षं करायचं सुचवलं तेव्हा लोकांनी त्या प्रस्तावाला याच पोराचं नाव ठेवलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

तुम्हाला सगळ्यात जास्त कोणत्या मालिकेनं रडवलं? माझी आई ऊसतोडीला जायची. मी आता आशा सेविका आहे. रात्री थोडा वेळ मिळतो, तेव्हा बघते.
— बीड जिल्हा

तुझ्यासाठी एकच, 'व्हेन लाइफ गिव्ह्‌ज यू टँजरिन्स'. २०२५ च्या मार्चमध्ये आली, सोळा भाग. 'मिसेंग' आणि 'माय मिस्टर' ज्यानं केल्या त्याच किम वन-सोकचं दिग्दर्शन.

गोष्ट जेजू बेटावरची. तिथल्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडी मारून शिंपले-कालवं काढणाऱ्या बायका. पाठीवर हवेची नळकांडी नाही, काही नाही, श्वास कोंडून खाली जायचं आणि वर आल्यावर शीळ वाजल्यासारखा श्वास सोडायचा. या बायकांच्या परंपरेची युनेस्कोनं २०१६ मध्ये वारसा म्हणून नोंद केली. मालिका मात्र वारसाबिरसा काही म्हणत नाही. छोटी ए-सन किनाऱ्यावर बसून आईचा श्वास मोजत असते. आई वर यायला उशीर झाला की पोरीचा जीव जातो. आईचं एकच म्हणणं, मी बुडी मारली, तू मारायची नाहीस. तुझ्या आईनं कोयत्याबद्दल हेच म्हटलं असेल. ए-सनची आई एकोणतिसाव्या वर्षी जाते. छाती त्या कामानं पोखरलेली.

मालिका त्या आईची, मग ए-सनची, मग ए-सनच्या मुलीची. तरुण ए-सन आणि तिची मुलगी, दोन्ही कामं आययू या एकाच मुलीनं केलीत. ए-सनला कवी व्हायचंय, शाळा सुटते. ग्वान-सिक तिच्यावर लहानपणापासून जीव टाकणारा, बोलणं कमी, बाजारात ती पुस्तक वाचत बसते आणि हा तिच्या कोबीची पाटी विकून देतो.

आता मला जिथं आवरलं नाही ते सांगते. दोघं लग्न करून भाड्याच्या खोलीत राहतात. ग्वान-सिकचं काम सुटतं, कुणी कामावर घेत नाही. तांदळाचा रांजण तळाला जातो. पण रोज ए-सन झाकण काढते तर तळाशी थोडे तांदूळ असतातच. घरमालक म्हातारा-म्हातारी ते गुपचूप टाकत असतात. भाड्याचं तोंडातून काढत नाहीत, दिल्याचंही सांगत नाहीत. पुढं होडी घ्यायला पैसे कुठून येतात? ए-सनची आजी वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी काढून देते. मुलीला जपानला शिकायला पाठवायचं तर पैसे कुठून येतात? घर विकून. प्रत्येक वेळी कळतं, की हे कुणाच्या हातातून आलं आणि त्या हातात मग काय उरलं. उचल घेऊन सहा महिने कारखान्याच्या फडावर राहिलेल्या घरातली तू. मुकादमाचा हिशेब कसा असतो तुला माहीत. या मालिकेतला हिशेब कधी मिटत नाही, आणि तरी कुणी कुणाच्या दारात तो मागायला येत नाही.

एक तक्रारही आहे. ग्वान-सिक जरा जास्तच चांगला आहे. चाळीस-पन्नास वर्षांत बायकोवर एकदा तरी खेकसायला हवा होता. पण तुझ्या नवऱ्याला शेजारी बसव, नुकसान काही नाही.

किमची घरी करता येते का? आम्ही शाकाहारी आहोत.
— मानवत

करता येते, पण बाजारातली घेताना डब्यावरचं वाचा. मूळ किमचीत खारवलेले जवळे किंवा माशाचं पाणी असतं. घरी ते सोडून करा. चिनी कोबीला मीठ चोळून काही तास ठेवायचं, धुऊन पिळायचं, मग लसूण, आलं, कांद्याची पात, मुळा आणि मिरचीपूड लावून बरणीत दाबायचं. आपल्या गरमीत दुसऱ्याच दिवशी फसफसतं, लगेच फ्रिजमध्ये टाका. मिरची आपली घालू नका, घातलीच तर निम्मी. त्यांची मिरची रंगाला लाल, तिखटाला कमी. तिकडं हिवाळ्याच्या तोंडावर शेजारणी जमून सगळ्या थंडीची किमची एकदम घालतात, त्या पद्धतीचीही युनेस्कोनं २०१३ मध्ये नोंद घेतली. ज्वारीच्या भाकरीबरोबर चांगली लागते. घरच्यांना मात्र आधी ठेचाच वाढा.

ताई, खरं खरं सांगा, तुमचा आवडता हिरो कोण? ह्युन बिन की ली मिन-हो?
— मैत्रिणींचा गट, हिंगोली

संग डोंग-इल. नाव ऐकलं नसेल तर 'रिप्लाय'च्या तिन्ही मालिकांमधला बाप आठवा, १९९७, १९९४ आणि १९८८. पोट सुटलेलं, आवाज मोठा, बनियनवर घरभर फिरणारा. तिन्ही वेळा त्याचं नाव मालिकेतही डोंग-इलच ठेवलंय. ह्युन बिनबद्दल माझा राग नाही, त्यानं आणि सोन ये-जिननं 'क्रॅश लँडिंग'नंतर २०२२ मध्ये लग्न केलं तेव्हा दुकानात आलेल्या पोरींना मी चहा पाजला होता. पण त्याचा फोटो कुठंही मिळतो. संग डोंग-इलचा पोस्टर कुणी छापत नाही. हिंगोलीत कुठं दिसला तर एक माझ्यासाठी घेऊन ठेवा, पैसे देईन.